मीठ पचवणारी वेल



समुद्राकाठची बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. नारळाची झाडं, पांढरा कठडा, झोपाळा आणि पलीकडे निळं पाणी. माझी बाग तशी नाही. ती नवी मुंबईतल्या दिघ्यात, एका चार मजली इमारतीच्या पाठीमागे आहे. लांबी ६० फूट, रुंदी ८ फूट. एका बाजूला इमारतीची भिंत, दुसऱ्या बाजूला उतार आणि उताराच्या पायथ्याशी नाला. इथून समुद्र दिसत नाही. पण अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खाडीचं पाणी या नाल्यातून वर चढतं, आणि ओहोटीला पश्चिमेचा वारा सुटला की चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. तेव्हा समुद्र आमचा शेजारी आहे, यात शंका नाही. शेजारी आवडो न आवडो, त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. ते जमवायला मला तीन वर्षं लागली, आणि ज्या वेलीनं ते जमवून दिलं तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

दिघा म्हणजे ठाणे आणि ऐरोली यांच्या मधला चिंचोळा पट्टा. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. मधून ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे. इलठणपाड्याला ब्रिटिश काळात रेल्वेसाठी बांधलेलं धरण आहे, औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत, जुनी गावठाणं आहेत आणि त्यांच्या भोवती दाटलेल्या इमारती आहेत. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव नावाचं रेल्वे स्थानक सुरू झालं, तेव्हा बऱ्याच जणांना हे गाव आहे याचा पत्ता लागला. अशा ठिकाणी बागेसाठी ८ फूट जागा मिळणं हीच मोठी गोष्ट. आम्ही राहायला आलो २००९ साली. इमारतीमागची ती पट्टी तेव्हा उघडी होती. भराव टाकलेली काळसर माती, तीत विटांचे तुकडे. पावसाळ्यात उतारावरची माती ओघळून नाल्यात जायची. दर वर्षी वीतभर जमीन कमी व्हायची, आणि मागच्या भिंतीचा पाया उघडा पडेल अशी सगळ्यांना धास्ती होती. सिमेंटची भिंत घालायला पैसे नव्हते. मग बैठकीत ठरलं की हिरवळ लावायची. मुळं माती धरून ठेवतील आणि मुलांना खेळायलाही होईल. मला झाडांची आवड, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

२०१० च्या जुलैमध्ये एका रोपवाटिकेतून लॉनच्या तयार चादरी आणल्या. प्रत्येक घरानं वर्गणी काढली होती. पावसाळाभर ती हिरवळ अशी काही खुलली की लोक गच्चीवरून वाकून बघायचे. दिवाळीपर्यंत ठीक होतं. डिसेंबरात कडा पिवळ्या पडल्या. मी पाणी वाढवलं. जानेवारीत मधेच टक्कल पडल्यासारखे डाग दिसू लागले. मी खत घातलं. मार्चमध्ये एका सकाळी बघते तर मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. बोटाला लावून जिभेवर ठेवला. मीठ!

श्रोतेहो, यात काय घडलं ते नीट सांगते, कारण किनारपट्टीवरच्या कितीतरी बागा याच कारणानं मरतात आणि दोष मात्र माळ्याला लागतो. आमचा भराव खाडीकडच्या चिखलाचा होता. खाली मचूळ पाणी. पावसाळ्यात वरून पडणारं गोडं पाणी मीठ खाली ढकलतं, म्हणून चार महिने सगळं छान दिसतं. पाऊस थांबला की उलटा प्रवास सुरू होतो. दिव्याच्या वातीतून तेल वर चढावं तसं खालचं खारं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर येतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. मातीत मीठ वाढलं की समोर पाणी असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही. ताटात जेवण आहे पण घास गिळता येत नाही, अशी अवस्था. त्यात मी खतं घातली, म्हणजे आणखी क्षारच घातले. पाणी घातलं ते बोअरचं, तेही मचूळ. थोडक्यात, मी त्या गवताची सेवा करून करून त्याला मारलं.

मे महिन्यात वर्गणीचा हिशेब मांडताना मला मान वर करता येईना. कोणी बोललं नाही, पण न बोलणंही ऐकू येतं.

मग मी ठरवलं की आता वाचून, विचारून लावायचं. समुद्राकाठी आपोआप काय उगवतं? पहिलं नाव डोक्यात आलं ते मर्यादवेलीचं. कोकणच्या कुठल्याही पुळणीवर गेलात तर भरतीरेषेच्या वर, वाळूवर लांबच लांब पसरलेली ही वेल दिसेल. पान आपट्याच्या पानासारखं, मधोमध दुभंगलेलं. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘पेस-काप्री’ या शब्दांचा अर्थच शेळीचं पाऊल. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराचं. रताळ्याच्या कुळातली ही वेल. समुद्रानं कुठवर यायचं आणि जमिनीनं कुठून सुरू व्हायचं, त्या सीमेवर ती उभी असते, म्हणून मर्यादवेल. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मी मनोमन हात जोडते. तिच्या बिया पाण्यावर तरंगतात आणि समुद्रातून दूरदूर जातात, म्हणून आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, सगळीकडच्या उष्ण किनाऱ्यांवर ही एकच वेल सापडते.

अलिबागजवळ माझं माहेरचं नातं आहे. तिथल्या एका वाडीच्या कुंपणात आलेल्या वेलीच्या फांद्या मी गोणपाटात गुंडाळून आणल्या आणि २०११ च्या जूनमध्ये मोठ्या थाटात लावल्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्या कुजल्या. एकूण एक.

चूक माझी होती आणि ती साधी होती. मर्यादवेलीला मीठ चालतं, खारे तुषार चालतात, ऊन, वारा, उपासमार सगळं चालतं. पण तिचे पाय कोरडे लागतात. वाळूतून पाणी क्षणात निघून जातं. आमची माती चिकण, तीत पाणी दहा-दहा दिवस तुंबून राहायचं. मी ‘समुद्राकाठची वेल’ एवढंच बघितलं. पण समुद्राचे काठही अनेक परींचे असतात. पुळण वेगळी, खडक वेगळा आणि खाडीचा चिखल वेगळा. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मला ते दोन हंगाम आणि लोकांचे पैसे घालवून कळलं.

पुढे जे झालं त्याचं श्रेय गावठाणातल्या एका आजींना. त्या आमच्या मागच्या वाटेनं रोज सकाळी जात. मी वाळलेल्या काड्या उपटत बसलेली बघून एक दिवस थांबल्या आणि म्हणाल्या, “अगो बाय, ही खाऱ्याची माती हाय. हितं बाहेरच्याचं काय चालाचं नाय. जी हाय तिला लाव ना.” मी विचारलं, “इथे आहे काय?” त्यांनी नाल्याच्या कडेला काठीनं दाखवलं. तिथे तांबूस देठांची, जाडजूड पानांची एक बुटकी वेल मातीला चिकटून पसरली होती. तीन वर्षं मी तिला तण म्हणून बघत होते. खरं तर बघतही नव्हते.

हिला मराठीत धापा म्हणतात. शास्त्रीय नाव सेसुवियम पोर्तुलाकास्ट्रम. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा मतलब एवढाच, की ही घोळासारखी दिसते. आणि खरंच, घोळाची भाजी ज्यांनी निवडली आहे त्यांना ती चुलत बहीण वाटेल. पानं लांबट, मांसल, बोटानं दाबली की पाणी सुटतं. देठ लालसर, आणि पेरापेरावर जमिनीत मुळं सोडणारे. फुलं लहान, गुलाबी, चांदणीसारखी. ती उन्हं वर आल्यावर उमलतात आणि काही तासांत मिटतात. नोकरीवर जाणाऱ्यांना त्यांचं दर्शन रविवारीच. गंमत म्हणजे या फुलाला पाकळ्या नसतातच. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती आतून गुलाबी असलेली निदलं असतात.

२०१२ च्या सप्टेंबरात आजींच्या परसातून मी ६० फांद्या आणल्या. कशा लावल्या ते सांगते, म्हणजे कोणाला करून बघायचं असेल तर उपयोग होईल. वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची फांदी घ्यायची. खालच्या दोन पेरांवरची पानं काढायची आणि ती दोन पेरं मातीत तिरपी खोचायची. दोन फांद्यांत एक फूट अंतर. उतार असेल तर एकाखाली एक न लावता दुसरी ओळ पहिलीच्या फटीत येईल अशी लावायची, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. दोन आठवडे रोज थोडं पाणी, पुढे आठवड्यातून एकदा. खत अजिबात नाही. वेळ मात्र साधायला हवी. जूनमध्ये लावलं तर पहिल्याच जोराच्या सरीला फांद्या वाहून जातात. सप्टेंबरच्या मध्याला पावसाचा जोर ओसरलेला असतो, मातीत ओल असते आणि मीठ खाली गेलेलं असतं. त्या महिन्या-दीड महिन्यात वेल रुजते. नंतर मीठ वर आलं तरी तिची हरकत नसते.

हरकत नसते म्हणण्यापेक्षा तिला ते मानवतं असं म्हणायला हवं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इतक्या खारट पाण्यातही धापा तगून राहते, आणि त्याहून सौम्य खारेपणात तर ती गोड्या मातीपेक्षा जोमानं वाढते. तिची युक्ती अशी, की ती मिठाला दारातच अडवत बसत नाही. आत येऊ देते आणि पानांच्या पेशींमध्ये पाण्याच्या ज्या पिशव्या असतात त्यांत कोंडून ठेवते. पेशीच्या कामाच्या भागाला त्याचा उपद्रव होत नाही. उलट आतलं पाणी खारट झाल्यामुळे ते बाहेरच्या खाऱ्या मातीतूनही पाणी ओढू शकतं. पान जाड का, तर ते मिठाचं कोठार आहे म्हणून.

या वेलीवर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. पुणे विद्यापीठ आणि आमच्याच खाडीच्या मुखाशी असलेलं ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र इथल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली तिची लागवड, उपयोग आणि भारतातला आढळ यांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्याआधी, २००७ मध्ये, तमिळनाडूतल्या संशोधकांनी खाऱ्या जमिनीत सहा वनस्पती लावून बघितल्या. त्यांच्या हिशेबानं एक हेक्टर धापा चार महिन्यांत ४७४ किलो मीठ जमिनीतून उचलते, आणि तिच्याच सोबतीला खाडीकाठी वाढणारी मोरसाच्या जातीची वनस्पती ५०४ किलो. आमच्या पट्टीचा हिशेब मी घातला. ४८० चौरस फूट म्हणजे चार महिन्यांत दोन किलोच्या आसपास. पण एक लक्षात ठेवायचं. वेल कापून बाहेर नेली तरच ते मीठ बाहेर जातं. कापून तिथेच टाकली तर पाऊस आला की मीठ परत मातीत. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा वेल छाटतो आणि छाटलेलं तिथे कुजू देत नाही.

६० फांद्यांचा एक कोपरा वर्षभरात असा भरला की २०१३ च्या सप्टेंबरात त्यातूनच पाचशेच्या वर फांद्या निघाल्या. एक पैसा खर्च नाही. त्या लावायला माझ्याबरोबर होते पलीकडच्या गल्लीतले एक काका. कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे पेणजवळच्या खारेपाटातले. त्यांची इमारत वेगळी, पण मातीत हात घालायची सवय स्वस्थ बसू देईना. रोज सकाळी साडेसहाला हजर. खारभूमीची शेती बघत वाढलेला माणूस. पूर्वी भरतीचं पाणी अडवायला गावानं मिळून बांध कसे घातले, कुठे भगदाड पडलं तर रात्री कंदील घेऊन सगळे कसे धावत, हे त्यांच्याकडून ऐकत ऐकत आम्ही फांद्या खोचल्या. पनवेलला कृषी विद्यापीठाचं खार जमिनीवरचं संशोधन केंद्र आहे, तिथे मिठाला दाद न देणारी भाताची वाणं तयार होतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. २०१४ च्या पावसाळ्यात पहिल्यांदाच उतारावरून माती गेली नाही. नाल्यात उतरणारं पाणी गढूळ नव्हतं. काका छत्री घेऊन त्या पाण्याकडे अर्धा तास बघत उभे होते.

२०१५ साल दिघ्यातल्या कोणालाही विसरता येणार नाही. उच्च न्यायालयाने इथल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. काही इमारती पाडल्या गेल्या. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरं घेतली होती ते रस्त्यावर उतरले. कायद्याची बाजू कायद्याची, मी त्यावर बोलणार नाही. पण माणसाची बाजू मी रोज बघत होते. आमची इमारत त्या यादीत नव्हती. काकांची होती.

त्यानंतरही काका सकाळी येत राहिले. एक दिवस मीच त्यांना म्हटलं, “काका, आता हे राहू द्या. तुमच्यामागे इतकी काळजी असताना...” ते म्हणाले, “काळजी घरी बसूनही होते. इथं निदान हात चालतात.” अखेर त्यांनी निकालाची वाट बघितली नाही. मुलानं डोंबिवलीला भाड्यानं जागा घेतली, काका-काकू गावी जायला निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी ते एक सिमेंटची रिकामी गोणी घेऊन आले आणि म्हणाले, “थोड्या फांद्या नेतो.” मी म्हटलं, “काका, ही तर तुमच्या गावाला खाडीच्या बांधावर आपोआप उगवत असेल.” ते म्हणाले, “उगवते की. रस्त्याच्या कडेला ढीग आहे. पण ती गावची. ही दिघ्याची.”

मी गोणी भरून दिली. वरून ओलं फडकं घातलं. त्याहून जास्त करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

श्रोतेहो, आता काही सावधगिरीच्या गोष्टी. धापा खाण्याजोगी आहे. चव खारट-आंबट. फिलिपिन्समध्ये तिचं लोणचं घालतात. पण आमच्या खाडीकाठची वेल कृपा करून खाऊ नका. हिचा जो गुण आहे तोच इथे आड येतो. ती मीठ जसं ओढून घेते तसं शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातूही ओढून घेते. कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं पचवलेल्या खाडीच्या चिखलातून तिनं काय काय उचललं असेल ते डोळ्यांना दिसत नाही. छाटलेली वेल आम्ही गुरांनाही घालत नाही.

दुसरं, फांद्या आणायला खारफुटीच्या जंगलात शिरू नका. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ म्हणून जगाच्या नकाशावर आहे. खारफुटीची तोड करायला उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात सक्त मनाई केली आहे. तिथली वेल तिथेच असू द्या, खेकड्यांना आणि पाखरांना तिची जास्त गरज आहे. कोणाच्या परसात, कुंपणाशी असेल तर तिथून मागून घ्या. मूठभर फांद्या पुरतात. बाकीचं काम ती करते.

तिसरं, ही हिरवळ बघण्याची आहे, तुडवण्याची नाही. मुलांना खेळायला ती चालत नाही. हे मी पहिल्या बैठकीतच कबूल करून टाकलं. आम्ही मधून फरश्यांची एक पायवाट काढली. गर्द सावलीतही ती रोडावते, तिला ऊन हवं. आणि चौथं, पिवळ्या फुलांची वेडेलिया नावाची वेल रोपवाटिकेत ‘कुठेही येते’ म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नका. कुठेही येते हे खरं, पण नंतर जात नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे.

ज्यांचं घर खरोखरच वाळूच्या किनाऱ्यावर आहे, वेळास, दिवेआगर, आचरा, वेंगुर्ला अशा ठिकाणी, त्यांच्यासाठी मात्र माझी कुजलेली मर्यादवेलच खरी. दारापुढच्या पुळणीवर ती असेल तर ‘स्वच्छता’ म्हणून उपटू नका. तिच्या जाळ्यात उडती वाळू अडते, वाळूची टेकडी तयार होते, आणि वादळाच्या लाटा आधी त्या टेकडीवर आपटतात, मग तुमच्या वाडीवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगडचा किनारा कसा झोडपला ते आपण पाहिलं आहे. वेलीनं चक्रीवादळ थांबत नाही, हे मलाही कळतं. पण पायाखालची वाळू धरून ठेवणारं कोणीतरी तिथे असलं पाहिजे. लावायची असेल तर वाळूतच लावा. हातभर फांदी आडवी पुरा, टोक बाहेर ठेवा, आणि पाणी साचणार नाही एवढं बघा. मात्र जिथे कासवं अंडी घालायला येतात त्या उघड्या वाळूवर कुठलीच लागवड स्वतःच्या मनानं करू नये. तिथल्या कासवमित्रांना विचारावं.

माझ्या बागेचं म्हणाल तर ती आता बारा-तेरा वर्षांची आहे. उतार जागेवर आहे. भिंतीचा पाया झाकलेला आहे. मार्चमध्ये मातीवर येणारा पांढरा थर पूर्वीइतका दिसत नाही, कारण माती झाकलेली असली की ऊन तिला थेट लागत नाही आणि पाण्याची वाफ कमी होते. गेल्या काही वर्षांत वेलीच्या मधल्या जागेत थोडी हरळी आपणहून आली आहे. जी हिरवळ आणायला मी वर्गणी घालवली, ती आता फुकट, आपल्या पायांनी चालत आली. पण आधी कोणीतरी मीठ पचवावं लागलं.

आजी आता नाहीत. मी सांगते ती सगळी विद्या त्यांच्या एका वाक्यात होती, “जी हाय तिला लाव.” बाग करायची म्हटलं की आपण आधी दुकानात जातो. आधी चार पावलं मागच्या नाल्यापर्यंत जावं, खाली बघावं आणि तिथे कोण तग धरून आहे ते विचारावं, एवढंच मला त्यातून समजलं.

काकांचा फोन अधूनमधून येतो. घर गेलं ते गेलंच. त्याची भरपाई कुठल्या वेलीनं होत नाही, आणि होते असं मी म्हणणारही नाही. पण गेल्या सप्टेंबरात फोनवर इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्यावर ते म्हणाले, “तुमची दिघेकरीण बांधावर पसरलीय. गावच्या वेलीत अशी मिसळलीय की आता कुठली कोणती ते मलाही सांगता येत नाही.”

मी विचारलं, “फुलं आहेत का?”

ते म्हणाले, “थांबा, उन्हं वर येऊ द्यात. बघून सांगतो.”